गुलाबभाऊंचा पुकारा

गुलाबभाऊ,

तुम्ही गेल्याचं मला कोर्ट उठल्यावर कळलं. फोन चेंबरमध्ये टेबलाच्या खणात होता. तुमच्या मुलीचे, वर्षाचे, चार फोन येऊन गेले होते. मी उलट लावला तर ती एवढंच म्हणाली, "साहेब, बाबा गेले. तुमाले कळवजा म्हनून सांगून ठेवलं होतं त्याइनं." मी विचारलं, कधी? म्हणाली, सकाळी. दाराशी इथला शिपाई दुसऱ्या दिवसाचा बोर्ड घेऊन उभा होता. मी त्याला आत बोलावलं, सही केली. बोर्डावर किती प्रकरणं होती ते मी पाहिलंसुद्धा नाही.

वकील गेला तर बाररूममध्ये शोकसभा होते. न्यायाधीश गेला तर कामकाज थांबतं. तालुक्याच्या कोर्टातला शिपाई गेला तर कोणी काही लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे. आणखी एक कारण आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते मला मात्र परवा कळलं, तुमच्या तेरवीला.

तुमच्या कोर्टात मी न्यायाधीश म्हणून रुजू झाले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. अमरावतीहून एक सुटकेस आणि पुस्तकांची तीन खोकी घेऊन आलेली. अकोला जिल्ह्यातलं आडबाजूचं तालुक्याचं ठिकाण, इंग्रजांच्या काळात बांधलेली कौलारू इमारत, पुढे लांबलचक व्हरांडा आणि आवारात कडुनिंबाची झाडं. तुम्ही पांढरा गणवेश, छातीवरून लाल पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला असे दारात उभे. मी प्रशिक्षणातून नुकतीच बाहेर पडलेली, तोंडात सगळं पुस्तकी. "कृपया सर्व कर्मचाऱ्यांनी वेळेचं काटेकोर पालन करावं," असं काहीतरी मी बोलले. सगळे माना डोलावून गेले. तुम्ही थांबलात आणि हळूच विचारलंत, "साहेब, तुमी अमरावतीच्या ना?"

"हो."

"मंग हे पुन्याचं कावून बोलून राहिल्या?"

मला राग आला होता. हसूही आलं होतं, ते मी दाबलं. खुर्चीवर बसलेल्या माणसाने शिपायासमोर हसू नये, असं तेव्हा मला वाटायचं.

तुमचं मुख्य काम पुकारा देण्याचं. प्रकरण निघालं की दारात जाऊन पक्षकाराच्या नावाने हाक मारायची. तीन वेळा. कोणी आलं नाही तर मी लिहायचं, गैरहजर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यात काय आहे? मलाही तसंच वाटत होतं. पण तुम्ही सकाळी साडेनऊलाच बोर्ड वाचून ठेवायचात. फाटकाशी उभे राहून येणाऱ्याला विचारायचात, कोणत्या गावचे, तारीख कशाची, वकील कोण. कोण कुठल्या झाडाखाली बसलंय, कोण चहाच्या टपरीवर गेलंय, कोणाचं बाळ रडतंय, सगळं तुम्हाला माहीत असायचं. पुकारा दिल्यावर माणूस आला नाही तर तुम्ही पायऱ्या उतरून त्याला घेऊन यायचात. मी वर बसून घड्याळाकडे बघत असायचे.

आपल्या वऱ्हाडात कागदांवर अजून ती जुनी भाषा चालते. मुलाला "वल्द", बायकोला "जौजे", विधवेला "बेवा". अमकी बेवा तमका. तुम्ही पुरुषांचं सगळं नाव घ्यायचात, बायकांच्या नावातून "बेवा" गाळायचात. मी एकदा टोकलं. म्हटलं, कागदावर आहे तसं नाव घ्या, एकाच नावाच्या दोन बायका असल्या तर गोंधळ होईल.

तुम्ही म्हणालात, "साहेब, तिचा मानूस मेला हे तिले मालूम हाये. आख्ख्या व्हरांड्याले कायले सांगा लागते?"

मी वाद वाढवला नाही. पण "बरं" असंही म्हणाले नाही. आपले किती वाद असे अर्धे राहिले!

तुमच्या पट्ट्याचाही तसाच. मी एकदा म्हटलं होतं की हा पट्टा साहेबी अमलातला आहे, चाकरीची खूण आहे, नका घालू, मी लिहून देते. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही बिल्ल्यावरून अंगठा फिरवत उभे राहिलात. मग म्हणालात, "साहेब, खेड्यातला मानूस इथं आला की भिऊन जाते. वकिलाले इचारू शकत नाही, बाबूले इचारू शकत नाही. हा पट्टा दिसला की मले इचारते, भाऊ कुठं जाऊ. हा काढला तर तो कोनाले इचारन?" आणि दार लोटता लोटता, माझ्याकडे न बघता, "अन् तुमचा तो काळा झगा तरी कोनाचा हाये?"

त्या झग्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. रोज घालते आणि रोज एकदा तुमची आठवण येते.

फौजदारी कामात मी पहिल्यांदा एका माणसाला तुरुंगात पाठवलं, तो दिवसही मला लिहायचाय. चोरीचं साधं प्रकरण होतं, पुरावा चोख होता, शिक्षा योग्यच होती. निकाल वाचून झाल्यावर त्याच्या बायकोने काहीच आवाज केला नाही. फक्त पोराच्या अंगातला सदरा नीट केला. मी चेंबरमध्ये आले आणि मला रडू आवरेना. दारावर दोनदा टकटक झाली. मग बाहेर तुमचा आवाज आला, "साहेब फाईल वाचून राहिल्या. अर्ध्या घंट्यानं या." अर्धा तास कोणी आत आलं नाही. नंतर तुम्ही चहा घेऊन आलात, टेबलावर ठेवलात आणि खिडकीकडे बघत म्हणालात, "पयल्या खेपेले होतेच, साहेब. ज्याले होत नाही त्याचंच भेव वाटते." त्या बाबतीत आपण पुन्हा कधी बोललो नाही. आभार मानायचे राहिलेच.

आता शेवंताबाईंकडे येते.

कोर्टापासून चार कोसांवरच्या गावातल्या माळणीचं ते प्रकरण. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. वाट्याला आलेली भाजीपाल्याची छोटी वाडी आणि दिराबरोबर सामाईक विहीर. चार दिवस पाणी दिराचं, तीन दिवस हिचं, अशी पाळी ठरलेली. दीर पाळी देईना म्हणून तिने दावा लावला होता. माझ्या आधीच्या न्यायाधीशांनी दिराला मनाईहुकूम दिला होता, तिच्या पाळीत आडवा येऊ नकोस म्हणून. त्या हुकमावर तिची वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधावरचा झेंडू जगत होता. दर तारखेला ती यायची. तुम्हाला माहीत होतं की तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने थोडं येतं. मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर ती फक्त एक जुना दावा होती.

त्या दिवशी बोर्ड मोठा होता. जुनी प्रकरणं निकाली काढा, असा वरून तगादा होता आणि पुढच्या आठवड्यात तपासणी होती. शेवंताबाईचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. दिराचे वकील समोर उभे. तुम्ही पुकारा दिलात. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी आलं नाही. तुम्ही पायऱ्या उतरून गेलात.

मी थांबले नाही. लघुलेखकाला सांगितलं, "वादी व वादीचे वकील गैरहजर. तीन वेळा पुकारा केला. प्रतिवादी हजर. दावा गैरहजेरीत काढून टाकण्यात येतो." आणि पुढचं प्रकरण हातात घेतलं.

तेवढ्यात तुम्ही तिला घेऊन दारात आलात. तिच्या डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता, चालून चालून धाप लागली होती. मुद्रांकवाल्याच्या टपरीमागे सावलीला बसली होती ती.

"साहेब, बाई हाये."

"ऑर्डर झाली, गुलाबभाऊ."

"सकाळपासून हाये साहेब ती. तिले आयकू येत नाही."

"वकिलांना अर्ज करू द्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

तुम्ही गप्प राहायला हवं होतं. तीस वर्षं राहिला होतात. त्या दिवशी भरल्या कोर्टात, पट्टा घालून, तुम्ही मला विचारलंत, "तीनच खेपा कावून, साहेब? कोन्या कायद्यात लिवलं हाये?"

दिराचे वकील खाली बघून हसत होते. मला वाटलं, आज मी हे सोडलं तर उद्या मला इथे कोणी मोजणार नाही. वय सत्तावीस, त्यात बाई. संध्याकाळी मी तुम्हाला कारणे दाखवा नोटीस दिली.

तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दुसऱ्याकडून टाइप करून न आणता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ते मला पाठ आहे. "मी कोर्टात बोललो हे खरे आहे. बाई हजर होती हे पण खरे आहे. बोलल्याबद्दल माफी असावी. पुकारा म्हणजे बोलावणे. बोलावले तर माणूस येईपर्यंत थांबावे लागते, असे मला वाटते. आपला, गुलाब, शिपाई."

त्यावर मी लिहिलं, खुलासा असमाधानकारक, सक्त ताकीद देण्यात येते, सेवापुस्तकात नोंद घ्यावी. तुमच्या सगळ्या नोकरीतली ती एकुलती एक वाईट नोंद. ती माझ्या अक्षरात आहे.

त्या रात्री मी दिवाणी कायदा चाळला, नियमांची पुस्तकं चाळली. मला तीन हा आकडा कुठेच सापडला नाही. कोणीतरी, कधीतरी, अशाच एखाद्या उंच छताच्या खोलीत सुरू केलं असेल आणि पुढच्यांनी चालू ठेवलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळीच देता आलं असतं. "नाही गुलाबभाऊ, कुठंच लिहिलेलं नाही." एवढं वाक्य. ते मी दिलं नाही.

पुढचे काही आठवडे तुम्ही मला शिक्षा केलीत. कळत होतं तुम्हाला? दारात जायचं, सपाट आवाजात तीन वेळा नाव घ्यायचं आणि परत येऊन भिंतीला टेकून उभं राहायचं. पायऱ्या उतरायच्या नाहीत. नियमाप्रमाणे चोख काम. माझ्या पुढ्यात गैरहजर, गैरहजर असं साचत गेलं आणि मला ते सहन होईना. एका दुपारी सुट्टीत मी झगा काढून ठेवला आणि नुसती व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. टाइपरायटर, जनरेटर, भांडणं, पोरं, फेरीवाला. माझ्या खोलीत हेड क्लार्कने माझंच नाव मोठ्याने घेतलं, ते मला दहा पावलांवर ऐकू आलं नाही. तुम्ही मागे येऊन उभे होतात.

मी म्हटलं, "गुलाबभाऊ, उद्यापासून सकाळी जे आले नाहीत त्यांना जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारा द्यायचा. त्याआधी मी कोणाचं काही काढणार नाही."

"जी साहेब."

"आणि खाली जाऊन बघायचं."

"जी साहेब," म्हणालात, आणि तुमच्या मिशा हलल्या. दुसऱ्या दिवशी तुमचा आवाज परत आला. तो असा की टपरीवरचा चहावालाही वळून बघायचा.

मी मनात म्हटलं, झालं, मिटलं. तुमच्या बाजूने मिटलं असेलही. पण शेवंताबाईचं मिटलं नव्हतं.

दावा गेला की त्यावरचा मनाईहुकूमही जातो. तिच्या वकिलांनी त्याच संध्याकाळी काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज दिला होता. मला त्याच दिवशी तो मंजूर करता आला असता. मी लिहिलं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यावं. मग दुसऱ्या बाजूने मुदत मागितली, मग सुट्ट्या लागल्या, मग त्यांचे वकील आजारी, मग मी प्रशिक्षणाला. दावा पुन्हा बोर्डावर यायला वर्षाहून जास्त लागलं. त्या उन्हाळ्यात दिराने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं. वाडी वाळली. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा प्रकरण तसंच पडून होतं. तुमच्या निरोपाला मी चांगलं भाषण केलं, शाल दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर चार महिन्यांनी शेवंताबाई आणि दीर तडजोडीची पुरसीस, दोघांच्या सहीचं लेखी निवेदन, घेऊन आले. तिने पाण्यावरचा हक्क सोडला होता. मी विचारलं, स्वखुशीने करताय का? तिच्या वकिलांनी तिच्या डाव्या कानात प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "वाडीच नाही राह्यली तं पानी काय करू?" ते वाक्य नोंदवता येत नाही. मी लिहिलं, वादीस तडजोड मान्य आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर तुम्ही आजारी असल्याचं कळलं. वर्षाच्या घरी, वलगावला आणलं होतं तुम्हाला, दवाखान्याला जवळ पडावं म्हणून. माझं माहेर अमरावतीत. वलगाव म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. तरी दोनदा सुट्टीवर येऊनही मी आले नाही. तिसऱ्यांदा आले.

तुम्ही अंगणात बाजेवर होतात. अंग पार उतरलेलं, मिशा मात्र नीट कातरलेल्या. मला बघून उठायला लागलात. मी दंडाला धरून बसवलं. तुम्ही विचारलंत, आता कुठं आहे पोस्टिंग, तिथला शिपाई कसा आहे, पुकारा देतो का बरोबर. मी म्हटलं, आता टीव्हीसारखा पडदा लावलाय भिंतीवर, त्यावर प्रकरणाचा नंबर येतो.

"ज्याले वाचता येत नाही त्याचं काय?"

"शिपाई आहे ना. तोही हाक मारतो."

"हा मंग ठीक हाये."

घरून निघताना ठरवून आले होते की त्या नोंदीचं बोलायचं. ताकीद चुकीची होती, असं सांगायचं. चहा झाला, वर्षाने पोहे आणले, मी हवेबद्दल बोलले, रस्त्याच्या कामाबद्दल बोलले. उठायच्या बेतात होते आणि तुम्ही विचारलंत, "साहेब, त्या शेवंताबाईचं काय झालं हो मंग?"

मी म्हटलं, "मिळालं ना तिला पाणी. तडजोड झाली. पाळी मिळाली."

असं खोटं मी तुमच्या तोंडावर बोलले. जन्मभर लोकांना शपथा देऊन खरं बोलायला लावणारी मी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "चांगलं झालं," आणि वर्षाला हाक मारली, "साहेबाइले फाटकापोतर सोड वं."

त्यानंतर सहा आठवड्यांनी तुम्ही गेलात.

तेरवीला मी तुमच्या गावी, हिवरखेडला आले. सकाळी अमरावतीहून निघाले, परतवाडा, अकोट करत. कपाशी वेचणाऱ्या बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. तुमचं घर कधी पाहिलं नव्हतं. गावात विचारलं तर एक माणूस म्हणाला, "कोर्टातले गुलाबभाऊ ना?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

काकू, तुमच्या पत्नी, ओसरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "थे तुमचं लई सांगत. आमच्या साहेब अशा, आमच्या साहेब तशा. दुपारचा पुकारा तुमीच चालू केला ना?"

मी मान हलवली. मग म्हटलं, "काकू, मी त्यांच्यावर अन्याय केला होता. ताकीद दिली होती."

"मालूम हाये. त्या दिवशी जेवले नव्हते." त्या जराही न चाचरता म्हणाल्या. "मंग त्या माळनीची वाडी वाळली तर रोज तिचंच बोलत. शेवटी इथं घेऊन आले तिले. आमच्या चुलतदिराचा मळा हाये, तिथं कामाले लावलं, राहाले खोली देल्ली, दर सनाले जेवाले बोलावत. तिले इथं येऊन आता आठ-नऊ वर्षं झाली असतीन. तथी बसली पाहा."

मी पाहिलं नाही. मला आधी वलगावचं ते अंगण आठवलं. शेवंताबाई तुमच्या गावात, तुमच्या चुलतभावाच्या मळ्यात वांगी तोडत होती, तुम्ही दर सणाला तिला जेवायला बोलवत होता आणि तरी तुम्ही मला विचारलंत, तिचं काय झालं. मला वाटलं होतं तुम्हाला माहिती हवी आहे. तुम्ही मला संधी दिली होती, गुलाबभाऊ. आजारी असताना, धड बसवत नसताना. आणि मी गैरहजर राहिले. तरी तुम्ही "चांगलं झालं" म्हणालात, आणि लेकीसमोर माझी लाज राखलीत.

परत आल्यावर मी जिल्हा न्यायाधीशांना पत्र लिहिलं. अमुक कर्मचाऱ्याला मी दिलेली ताकीद चुकीची होती, त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे पत्र त्याच्या सेवापुस्तकाला जोडावं. मेलेल्या शिपायाच्या सेवापुस्तकाचं काय करायचं, या विचाराने तिथला बाबू डोकं खाजवत असेल. जोडतील किंवा नाही जोडणार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कायले साहेब, जाऊ द्या ना." मला मात्र ते जाऊ द्यायचं नव्हतं.

पण त्याआधीचं सांगते. मांडवात पंगत बसत होती. शेवंताबाई एका कडेला, खांबाला टेकून बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. मी त्यांच्या उजवीकडे गेले, मग लक्षात आलं आणि वळसा घालून डावीकडे आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मला वाटलं, झग्यात पाहिलेलं माणूस साडीत ओळखू येत नाही.

मी वाकून म्हटलं, "मी त्या कोर्टातली न्यायाधीश. तुमचा दावा माझ्यापुढे होता."

त्यांनी मान वर करून माझा चेहरा न्याहाळला. "वरती बसलेल्या तुमीच का? मले तुमचं तोंड कधी दिसलंच नाही बाई. लई उंच होतं थे."

"शेवंताबाई, चूक माझी होती," मी म्हटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हनता?"

आजूबाजूला बायका होत्या, वाढपी होते, तुमचे जावई बुंदीचं भांडं घेऊन उभे होते. हळू बोलून चालणार नव्हतं. मी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही हजर होता. मी थांबले नाही."

वाढपी थांबले. काकू ओसरीवरून पाहत होत्या. मी वाट पाहत होते, त्या "जाऊ द्या बाई" म्हणतील, "नशिबाचं होतं" म्हणतील. अशा वेळी लोक तसंच म्हणतात.

शेवंताबाई म्हणाल्या, "हो ना. तुमचीच होती."

मग त्यांनी जरा सरकून शेजारी जागा केली आणि जमिनीवर हात थोपटला.

"बसा आता. वरन-भात थंडा होऊन राह्यला."

मी बसले.